यंत्रावरचे मराठी अक्षर

आमच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे. तिच्यात अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सात वह्या आहेत. अण्णा प्राथमिक शिक्षक. अडतीस वर्षे मास्तरकी करून १९९८ मध्ये निवृत्त झाले आणि गावाचा इतिहास लिहायला बसले. कोणत्या विहिरीला पाणी केव्हा लागले, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण गेले, शाळा पहिल्यांदा कोणाच्या वाड्यात भरली, कोणत्या शेताला काय नाव आणि ते का पडले, असा सगळा मजकूर. वर्षभराने तालुक्याच्या गावी एका डीटीपीच्या दुकानात त्यांनी तो टाइप करून घेतला. टाइपाचे काम चालू असताना गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांनी पुष्कळ नवी भर घातली. ती वह्यांत नव्हती. दुकानदाराने छापील कागदांचा गठ्ठा आणि दोन फ्लॉप्या हाती दिल्या. "आता हे कायमचं राहिलं, गुरुजी," असे तो म्हणाला.

कागदांचा गठ्ठा कोणी वाचायला म्हणून नेला तो परत आला नाही. आमच्याकडे खेडेगावात असे होतेच. काही वर्षांनी मी ती फ्लॉपी संगणकावर उघडली. पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, अवतरणचिन्हे, कंस, आकडे यांची खिचडी. पानेच्या पाने तशीच. अण्णा शेजारी बसले होते. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असेल. मला मशिनातलं काय कळतं?"

श्रोतेहो, त्या वाक्याने मी फार अस्वस्थ झालो. चूक खरोखर अण्णांची होती का? त्यांची नसेल तर कोणाची? मी इतिहासाचा अध्यापक. भांडण समोर आले की ते कोठून सुरू झाले हे पाहण्याची आम्हांला खोड असते. तसे पाहू गेलो, तेव्हा कळले की आपले अक्षर आणि लिहिण्याचे यंत्र यांचे भांडण चांगले दोनशे वर्षांचे आहे. आज त्याचीच हकिकत सांगणार आहे.

यंत्र येण्यापूर्वी मराठीचे दोन पोशाख होते. पोथी लिहायची ती बाळबोधीत, आणि हिशेब, पत्रे, हुकूम लिहायचे ते मोडीत. मोडी म्हणजे हात न थांबवता धावती लिहायची लिपी. हाताला काय सोसते, ते पाहून ती घडली. पुढे छापखाना आला. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरी याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरी खिळ्यांत, आणि १८१० मध्ये मराठीचा कोश छापला तो मोडी खिळ्यांत. म्हणजे सुरुवातीला दोन्ही लिप्या शिशात उतरल्या होत्या. परंतु छापण्याच्या कामी टिकली ती बाळबोधच. मोडीचे लेखन हळूहळू सुटत गेले आणि १९५० नंतर शाळांतूनही ती नाहीशी झाली.

बाळबोध टिकली खरी, पण ती खिळ्यांत बसवणे सोपे नव्हते. इंग्रजी अक्षर एका ओळीत एकामागून एक मुकाट्याने उभे राहते. आपले तसे नाही. वेलांटी डोक्यावरून जाते, उकार पायाशी लोंबतो, ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागाहून येते पण लिहिताना पुढे जाऊन बसते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. जोडाक्षरांची तर गणतीच नको. इंग्रजी जुळाऱ्याचे काम थोडक्या खणांवर भागे, तेथे आपल्या जुळाऱ्यासमोर शेकडो खणांच्या पेट्या मांडलेल्या असत. तरीही आपल्या कारागिरांनी हार मानली नाही. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तेथली पुस्तके आज हातात घेतली तर अक्षर डोळ्यांत भरते. त्या माणसांनी अक्षर जसे होते तसे ठेवले आणि खिळे वाढवले. मेहनत यंत्रवाल्याने केली, वाचणाऱ्याला त्याचा त्रास झाला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे हा न्याय उलटा झाला.

तो उलटा केला टंकलेखन यंत्राने. अमेरिकेत क्रिस्तोफर शोल्स याच्या कल्पनेतले टाइपरायटर १८७४ मध्ये रेमिंग्टनच्या कारखान्यातून बाजारात आले. ते सव्वीस अक्षरांच्या भाषेसाठी होते. एका किल्लीवर दोन चिन्हे बसवायची सोय १८७८ मध्ये झाली. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किल्ल्यांत फार तर नव्वद चिन्हे. छापखान्यात खण वाढवता येतात, यंत्राच्या किल्ल्या वाढवता येत नाहीत. तेव्हा त्याच्यावर देवनागरी चढवायची म्हणजे तिची कापणी करणे आले.

ही कापणी मोठ्या युक्तीने केलेली होती. 'भ', 'ध', 'ण', 'श' अशा अक्षरांना स्वतंत्र पूर्ण रूप दिलेच नाही. त्यांची अर्धी रूपे किल्लीवर बसवली. अर्धे अक्षर मारायचे आणि पुढे काना मारायचा, की झाले पूर्ण अक्षर. ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. रफार अक्षर झाल्यावर मारायचा. काही किल्ल्या अशा की मारल्या तरी कागद पुढे सरकत नाही, म्हणजे उकार त्या अक्षराच्याच पायाशी पडावा. ज्यांनी टंकलेखनाच्या संस्थांत जाऊन परीक्षा दिल्या त्यांच्या बोटांना हे सगळे पाठ आहे. त्या माणसांची मला खरोखर कमाल वाटते. तोंडाने 'किती' म्हणायचे आणि बोटांनी आधी वेलांटी, मग 'क', मग 'त', मग दुसरी वेलांटी मारायची. उच्चाराचा क्रम एक, बोटांचा दुसरा. पण त्यातून एक सवय लागली. आपण अक्षर लिहीत नाही, अक्षराचे तुकडे जोडतो आहोत, ही ती सवय. तिचा परिणाम पुढे फार लांबवर झाला.

यंत्रासाठी लिपीच बदलावी असे म्हणणारेही पुष्कळ होते, आणि ते लहान माणसे नव्हते. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'च्या छपाईसाठी खिळे कमी कसे करावेत यावर विचार केला. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली, म्हणजे 'इ' आणि 'उ' यांना वेगळी चिन्हे नकोत, 'अ'लाच वेलांटी-उकार द्यावेत. १९५३ मध्ये लखनौला भरलेल्या परिषदेने ठरवले की ऱ्हस्व वेलांटीसुद्धा अक्षराच्या उजव्या बाजूलाच काढावी. यंत्राची सोय झाली असती, पण लोकांच्या डोळ्यांना ते मानवले नाही. चारच वर्षांत, १९५७ मध्ये, तो निर्णय मागे घ्यावा लागला. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. सामान्य माणसाने त्या वेळी 'माझेच चुकले' असे म्हटले नाही. आम्ही असेच लिहितो, असे त्याने म्हटले आणि वेलांटी आपल्या जागी राहिली.

मग संगणक आला. त्याच्यावर लिहिण्याची सोय म्हणजे मोठेच सुख होते. खाडाखोड नाही, पान पुन्हा टाइप करणे नाही, परिच्छेद उचलून हवा तेथे ठेवता येतो. १९७८ मध्ये वर्डस्टार नावाचा प्रोग्रॅम निघाला, १९८३ मध्ये मायक्रोसॉफ्टचा वर्ड. इंग्रजीत लिहिणारेही त्यावर कमी वैतागले नाहीत. वर्डस्टारमध्ये प्रत्येक कामासाठी किल्ल्यांची वेगळी जोडी पाठ करावी लागे. पुढे वर्ड इतका हुशार झाला की तो लिहिणाऱ्याच्या आधी विचार करू लागला. ऑफिस ९७ या आवृत्तीत तर कागद अडकवण्याच्या क्लिपेचे डोळे मिचकावणारे चित्र पडद्यावर येऊन 'तुम्ही पत्र लिहिताय वाटतं, मदत करू?' अशा अर्थाचे विचारी. लोकांनी इतका कंटाळा व्यक्त केला की २००१ च्या आवृत्तीत ते गप्प बसवले गेले आणि २००७ च्या आवृत्तीत साफ काढून टाकले. तात्पर्य, लोक बोलले तर यंत्रवाल्याला ऐकावे लागते.

पण इंग्रजी लिहिणाऱ्याचा त्रास आणि आपला त्रास यांत फरक होता. त्याला यंत्र वापरणे जड जात होते, आपले तर यंत्राला अक्षरच ठाऊक नव्हते. संगणक आतून फक्त आकडे ओळखतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, याची अमेरिकेतली यादी १९६३ मध्ये ठरली. तिच्यात १२८ जागा. रोमन अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि यंत्राच्या आज्ञा एवढ्यांतच त्या संपल्या. आपल्यासाठी जागा नव्हती.

अशा वेळी आपल्याकडे दोन वाटा निघाल्या. पहिली वाट सरळ होती. कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये मंडळींनी भारतीय लिप्यांसाठी आकड्यांची स्वतंत्र यादी केली. तिला इस्की म्हणतात. १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तिच्याबरोबर किल्ल्यांची नवी मांडणीही आली, तिचे नाव इन्स्क्रिप्ट. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि उच्चाराच्या क्रमाने लिहायचे. आधी 'क', मग वेलांटी. शाळेतल्या पोराला बाराखडी येते, तेवढ्यावर ही मांडणी समजते.

दुसरी वाट आडवाट होती, आणि गर्दी झाली ती तिच्यावर. ती युक्ती अशी. संगणकाला रोमन अक्षरच लिहू द्यायचे, पण त्या अक्षराचे चित्र बदलून टाकायचे. रोमन 'ई'च्या जागी 'म'चे चित्र, 'जे'च्या जागी 'र'चे, 'के'च्या जागी कान्याचे. असा चित्रांचा संच म्हणजे फाँट. एका फार प्रचलित फाँटमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला की संगणकाच्या पोटात जाते काय? 'ई, जे, के, बी, एच' ही पाच रोमन अक्षरे. डोळ्यांना मराठी दिसते, पण यंत्राच्या वहीत मराठीचा पत्ता नाही. ही वाट लोकप्रिय का झाली हे उघड आहे. टाइपिस्टच्या बोटांना जी टाइपरायटरची मांडणी पाठ होती, तीच येथे चाले. काम स्वस्तात आणि लगेच होई. लग्नपत्रिका, साप्ताहिके, ग्रामपंचायतीचे दाखले, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळे असेच छापले गेले. दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याला गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत कागद द्यायचा होता.

मात्र संगणकाला वाटे की हा माणूस इंग्रजी लिहितो आहे, आणि तो इंग्रजी सुधारू लागे. वाक्याचे पहिले अक्षर इंग्रजीत मोठे असते, म्हणून त्याने ते आपण होऊन मोठे केले की 'मराठी'तला पूर्ण 'म' अर्धा होऊन बसे. त्याच फाँटमध्ये अर्धा 'श' एकेरी अवतरणचिन्हाच्या जागी होता. संगणक ते चिन्ह सुबक म्हणून वाकडे करी, आणि 'श' भलताच होई. टाइप करणारी मुलगी पुन्हा पुन्हा तोच शब्द खोडी, पुन्हा लिही, आणि साहेबांची बोलणी खाई. तिची चूक काय? तिने बरोबर किल्ली दाबली होती.

याहून मोठे संकट पुढे आले. प्रत्येक फाँटवाल्याने चित्रांची मांडणी आपल्या मनाने केली. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'ज'. तेव्हा ज्या फाँटमध्ये लिहिले, तो फाँट दुसऱ्या संगणकात नसला की पडदा उघडा पडतो आणि आतली रोमन खिचडी दिसते. आमच्या अण्णांच्या फ्लॉपीचे हेच झाले होते. अण्णांनी मराठी लिहिली होती, दुकानदाराने मराठी टाइप केली होती, यंत्राने मात्र चित्रे ठेवली, अक्षरे ठेवली नाहीत.

आता जगाच्या पाठीवरच्या सर्व लिप्यांना एकाच यादीत आकडे देण्याचे काम १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्याचे नाव युनिकोड. देवनागरीला त्यात १२८ जागा मिळाल्या, आणि मांडणी आपल्याच इस्कीवरून घेतली. ही कल्पना शेतकऱ्याला चटकन कळेल. जमिनीला जसा गट नंबर असतो, तसा प्रत्येक अक्षराला एक नंबर. नकाशा कोणीही काढो, गट नंबर तोच राहतो. तसे फाँट कोणताही असो, 'म' हा 'म'च राहतो.

पण कायदा झाला म्हणजे बांधावरचे भांडण मिटले असे होत नाही. सर्वसाधारण संगणकावर विंडोजने युनिकोडची देवनागरी नीट दाखवायला २००० साल उजाडले. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीतही ही सोय मूळ तबकडीवरून वेगळी चढवावी लागे. ती तबकडी खेड्यातल्या किती शाळांत सापडणार? शिवाय मराठीचे म्हणून काही खास हट्ट आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र, आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. 'आचार्यांना' नमस्कार करायचा आणि 'आचाऱ्यांना' स्वयंपाक सांगायचा. हा आडवा 'र', ज्याला आपण चंद्रकोरीसारखा काढतो, तो हिंदीत लागत नाही. त्यामुळे बरीच वर्षे कित्येक संगणकांवर 'शेतकऱ्याचा' हा शब्द 'शेतकर्याचा' असा पडे. तोही पुढे जमला, पण दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिता येऊ लागला. दिसायला शब्द एक, यंत्राच्या लेखी दोन. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडत नाही. 'ॲ' या अक्षराला तर स्वतःचा नंबर २००८ मध्ये मिळाला. तोवर 'ॲम्ब्युलन्स' लिहिणारा 'अ'च्या डोक्यावर चंद्र बसवण्याची खटपट करी, आणि तो चंद्र भलतीकडेच उगवे. परंतु मिळाला हे खरे. ज्यांनी मागणी केली, नियम दाखवले, उदाहरणे दिली, त्यांच्यामुळे मिळाला.

तुम्ही म्हणाल, मास्तर, हे झाले टाइपिस्टचे दुखणे, यात इतिहास कोठे आला? सांगतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. रियासतकार सरदेसाईंनी त्यातून निवडून १९३० पासून पुढच्या काही वर्षांत ४५ खंड प्रसिद्ध केले, तरी न वाचलेले कागद अफाट उरले. मोडी वाचणारी माणसे थोडी, एवढीच अडचण. पण जो कोणी दोन-तीन महिने बसून मोडी शिकेल, त्याला अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद आजही वाचता येतो. शाई आहे, कागद आहे, अक्षर आहे. आणि १९९० ते २०१० या काळात आपल्या गावोगावच्या संस्थांनी, शाळांनी, लहान छापखान्यांनी जे मराठी संगणकात लिहिले, त्यातले किती आज उघडते? फाँट गेला, दुकान बंद पडले, फ्लॉपी घालायला खाच राहिली नाही. पंचवीस वर्षांचा कागद अडीचशे वर्षांच्या कागदाहून अवघड होऊन बसला. उद्याचा इतिहासकार आमच्या काळाबद्दल लिहायला बसेल, तेव्हा त्याला पेशवाईतल्या एखाद्या कुलकर्ण्याचे पत्र मिळेल आणि आमच्या पंचायतीचा ठराव मिळणार नाही, असे होऊ शकते.

अण्णांच्या मजकुराचे काय झाले, ते सांगून संपवतो. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम आता मिळतात. २०१९ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते काम हाती घेतले. नव्वद टक्के मजकूर परत आला म्हणावा. उरलेल्यात वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेल्या होत्या, शेतकऱ्यांचे सगळीकडे 'शेतकर्यां' झाले होते. रोज संध्याकाळी मी एकेक ओळ वाचायची आणि अण्णांनी "थांब" म्हणायचे, असे आम्ही दीड महिना बसलो. बहुतेक सगळे जुळले. एका शेताच्या नावातले मधले अक्षर मात्र कायमचे गेले. ते नाव ज्या आजीने सांगितले होते, ती आता नाही. अण्णांनाही ते आठवले नाही. आम्ही तेथे तीन टिंबे दिली आहेत.

शिक्षक बंधुभगिनींना माझे एवढेच सांगणे आहे. मुलांना संगणकावर मराठी शिकवाल तेव्हा युनिकोडमध्येच शिकवा. इन्स्क्रिप्टची मांडणी आजच्या संगणकांत बहुधा आधीच असते, विकत घ्यावी लागत नाही. शाळेचे जुने दाखले, स्मरणिका, हस्तलिखितांच्या प्रती जुन्या फाँटमध्ये पडल्या असतील, तर त्या आत्ताच बदलून घ्या आणि मूळ लिहिणारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याकडून तपासून घ्या. आणि एक प्रत कागदावर ठेवा. कागद कोणाला वाचायला दिलात, तर परत मागून घ्या.

आणि यंत्र अडले, अक्षर फुटले, पान भलतीकडे सरकले, तर लगेच आपल्या कपाळावर हात मारू नका. काय बिघडले ते लिहून काढा, दुसऱ्याला दाखवा, तक्रार करा. वेलांटी आपल्या जागी राहिली ती लोकांनी कुरकुर केली म्हणून. 'ॲ'ला घर मिळाले ते कोणी तरी चिकाटीने मागितले म्हणून.

शेवटचे पान तपासून झाले, तेव्हा मी अण्णांना हे सगळे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे मी बरोबर लिहिलं होतं तर." मी म्हटले, "हो, अण्णा. तुम्ही बरोबरच लिहिलं होतं."